किल्ली एकाच हाती असते तेव्हा

वाचकाच्या पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या भगिनी एकसष्ट वर्षांच्या आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी तेरा शेजाऱ्यांच्या साथीने वस्तीतले एक पडीक गोदाम साफ केले आणि तेथे समाजकेंद्र सुरू केले. आज त्या केंद्रात छोटे वाचनालय, मुलांचा अभ्यासवर्ग, आठवड्यातून दोनदा शिवणवर्ग आणि ज्येष्ठांचा संध्याकाळचा गट चालतो. पगारी माणूस एकही नाही. मूळच्या चौदांपैकी आता चौघेच उरले असून आठवड्याचे सहा दिवस कुलूप उघडण्याचे काम या भगिनींकडेच आहे. गेल्या महिन्यात रक्तदाब वाढल्याने त्यांना केंद्रावर पोहोचायला चाळीस मिनिटे उशीर झाला, तेव्हा बारा मुले पावसात दारापुढच्या छपराखाली उभी होती. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितले आहे. कार्यकारिणीत तीन मते आहेत : पगारी व्यवस्थापक नेमून शुल्क घ्यावे, केंद्र एखाद्या मोठ्या संस्थेच्या हवाली करावे किंवा सरळ बंद करावे. ठरलेल्या दिवशी न येणाऱ्या स्वयंसेवकांना दंड लावावा, अशीही एक सूचना आली आहे. त्या लिहितात : "आता कुणालाच सेवेची हौस राहिलेली नाही. मी सोडले तर केंद्र बंद पडेल आणि नाही सोडले तर मी पडेन. काय करू?"

उत्तर :

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमचा थकवा जाणवला आणि दुसऱ्या वाचनात छपराखाली उभी असलेली ती बारा मुले डोळ्यांसमोरून हलेनात. तो प्रसंग तुम्ही स्वतःचा अपराध म्हणून लिहिला आहे. मला मात्र त्यात आणखी काही दिसते. चाळीस मिनिटे हा लहान मुलांच्या दृष्टीने फार मोठा काळ असतो, आणि तरीही घर हाकेच्या अंतरावर असताना ती परत गेली नाहीत. त्यांच्याबरोबर तीन पालकही थांबले होते, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. म्हणजे मुले होती, त्यांच्याजवळ थांबायला तयार असलेली तीन मोठी माणसे होती आणि आत बाके, दिवे, पुस्तके सगळे जागच्या जागी होते. त्या संध्याकाळी केंद्राला माणसे कमी पडली नाहीत, एक किल्ली कमी पडली.

पुढचे वाचण्याआधी एक गोष्ट करा. येत्या आठवड्यातले दोन दिवस केंद्र बंद राहील, अशी ठळक अक्षरांतली सूचना आजच दारावर लावा आणि ते दोन दिवस खरोखर घरी राहा. डॉक्टरांचा सल्ला हा या प्रकरणातला वादाचा मुद्दा नाही. बाकीचा विचार त्यानंतर शांतपणे करता येईल.

आता तुमच्या त्या वाक्याकडे वळते : "कुणालाच सेवेची हौस राहिलेली नाही." हे वाक्य मला अशा प्रत्येक पत्रात भेटते आणि ते लिहिणाऱ्याचे दुःख खरे असते, म्हणून मी ते हलक्याने घेत नाही. पण तुमच्याच पत्रात त्याच्या विरुद्ध जाणारे तीन पुरावे आहेत. एका आईने फक्त रविवारी गणित शिकवण्याची तयारी दाखवली होती. रविवारी केंद्र बंद असते, म्हणून ते राहून गेले. एका निवृत्त गृहस्थांनी हिशेब पाहतो म्हटले होते. त्यांना "पुढच्या सभेत बघू" असे सांगण्यात आले, आणि ती सभा झालीच नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघांनी, एक मुलगी आणि एक मुलगा, वाचनालयाची नोंदवही संगणकावर चढवायला घेतली होती. या चौघांना हौस नव्हती असे कसे म्हणावे? त्यांना जे देता येत होते ते ठेवायला केंद्रात जागा नव्हती, इतकेच मला यातून दिसते.

ज्यांना आपण "पूर्वीसारखी माणसे" म्हणतो, तीसुद्धा प्रत्येक काळात वेगळी होती. लंडनच्या पूर्व भागात सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल सुरू केले, तेव्हा विद्यापीठात शिकलेले तरुण त्या गरीब वस्तीत येऊन प्रत्यक्ष राहत असत. पुढे १८८९ मध्ये जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोत हल हाउस उभे केले, तेथेही कार्यकर्ते त्याच इमारतीत राहत आणि बालवर्गापासून प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांपर्यंत सारे चालवत. शेजारकेंद्र या कल्पनेची सुरुवात अशी आयुष्य वाहून घेण्याने झाली, हे खरे आहे. पण तसे आयुष्य वाहणे मोजक्यांनाच शक्य होते, आणि तुमच्या चौदा जणांनीही ते केले नव्हते. तुम्ही नोकरी-संसार सांभाळून रोजची संध्याकाळ दिलीत, ही तुमच्या पिढीने काढलेली वाट होती. आजच्या माणसाकडे कदाचित रोजची संध्याकाळ नसेल, पण आठवड्याचे दोन तास किंवा वर्षातले सहा रविवार नक्की असतील. ते कमी प्रतीचे दान समजू नये. फक्त ते घ्यायचे तर कामाचे तुकडे वेगळ्या मापाने पाडावे लागतात.

आता जरा अवघड भागाकडे येते, आणि तो मी तुमच्याविषयीच्या आदरानेच लिहीत आहे. त्या दोघा तरुणांबद्दल तुम्ही लिहिले आहे, की त्यांनी तीन शनिवार बसून चारशेच्या वर पुस्तकांची यादी तयार केली, पण लेखकांची आडनावे आधी लिहायची सोडून त्यांनी नावे आधी लिहिली. म्हणून तुम्ही दोन रात्री जागून सगळी यादी पुन्हा जुन्या वहीत हाताने उतरवलीत. त्यानंतर ते दोघे हळूहळू येईनासे झाले. "टिकत नाहीत हो मुले," असे तुम्ही त्यापुढे लिहिले आहे.

त्या मुलीच्या जागी स्वतःला क्षणभर ठेवून पाहा. चौथ्या शनिवारी ती येते, टेबलावर जुनी वही उघडी दिसते, तिच्यात तुमच्या सुबक अक्षरांत सगळी चारशे पुस्तके असतात, आणि तिच्या यादीविषयी कुणी एक शब्दही बोलत नाही. तुम्ही तिला दुखावण्यासाठी हे केले नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही काम निस्तरले, कारण एकोणीस वर्षे तुम्ही तेच करत आला आहात. पण तिला त्यातून उत्तर मिळाले, की येथे काम करायला मुभा आहे, ठरवायला नाही. स्वयंसेवकाला पगार नसतो. त्याच्या हाती एकच गोष्ट पडते, ती म्हणजे हे काम माझे आहे ही भावना. ती काढून घेतली की थांबायला काही कारण उरत नाही. सामाईक पाणी, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे लोक स्वतः मिळून कशी टिकवतात याचा अनेक दशके अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना वारंवार आढळलेली एक गोष्ट अशी होती, की जे लोक नियम पाळतात त्यांना ते नियम बदलण्यातही वाटा असतो. तुमच्या केंद्राला ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. तुम्ही कामे वाटण्याचा प्रयत्न केलात, अधिकार मात्र त्या किल्लीबरोबर तुमच्याच पिशवीत राहिला.

म्हणून "सोडू की धरून ठेवू" या तुमच्या प्रश्नाची मांडणीच मला थोडी बदलावीशी वाटते. तुम्ही एकदम सोडलेत तर केंद्र बंद पडण्याची भीती खरी आहे. पण तुम्ही तेथे असतानाच, तुमच्या डोळ्यांदेखत, अर्धे केंद्र दुसऱ्यांचे झाले तर? हस्तांतर हे प्रकृतीने सक्ती करण्याआधी, चुका दिसल्या तर समजावून सांगायला आपण जवळ आहोत तोवर करायचे असते.

कार्यकारिणीतल्या मतांविषयीही लिहिते. दंडाची सूचना आधी बाजूला ठेवा. इस्राएलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा एक अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा पाळणाघरांनी दंड सुरू केला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड मागे घेतल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. आधी पालकांना शिक्षिकेचा खोळंबा होतो याची टोचणी होती. दंड आल्यावर त्यांना वाटू लागले, की आपण उशिराची किंमत मोजतो आहोत. तुमच्या केंद्रात येणारा माणूस शब्दाखातर येतो. त्या शब्दाला एकदा दर लागला, की दर भरून घरी बसणे सोपे होईल. कुणी दोनदा आले नाही तर त्याला फोन करून "सगळे ठीक ना?" एवढे विचारा, बऱ्याचदा त्यामागे घरातले आजारपण किंवा बदललेली नोकरी असते, आणि त्या माणसाला दुसरा वार हवा असतो.

पगारी माणसाला माझा तत्त्वतः विरोध नाही. पैसे आले की सेवाभाव गेला, असे तुम्ही सूचित केले आहे. मला ते पटत नाही. साफसफाई, दार उघडणे-बंद करणे, पाण्याची टाकी पाहणे ही रोजची, न चुकता करायची कामे मानधन देऊन करून घेण्यात कमीपणा नाही. उलट ज्या कामाचा कंटाळा येऊन माणसे गळतात, ते काम पगारी असेल तर बाकीच्यांची उमेद टिकते. मात्र कोणता वर्ग चालवायचा, सभागृह कुणाला द्यायचे, पैसे कशावर खर्च करायचे, हे व्यवस्थापकावर सोपवू नका. शुल्क घ्यायचे ठरले तर ते ऐच्छिक वर्गणीसारखे ठेवा, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांना आपली अडचण चार लोकांत सिद्ध करावी लागणार नाही याची काळजी घ्या. शिवणवर्गाला येणारी बाई शुल्कमाफीचा अर्ज भरायला लाजेल आणि येणेच बंद करेल, असे होऊ देऊ नका.

मोठ्या संस्थेच्या छत्राखाली जाण्याने सुरक्षितता मिळते असे वाटते, आणि काही बाबतींत ती मिळतेही : हिशेब तपासणी, विमा, कायदेशीर नोंदणी यांचा भार हलका होतो. पण मोठे असणे म्हणजे टिकणे नव्हे. ज्या हल हाउसचा मी वर उल्लेख केला, त्याचा वारसा चालवणारी संस्था शंभराहून अधिक वर्षे काम करून जानेवारी २०१२ मध्ये पैशाअभावी बंद पडली. तोवर तिचा बहुतेक खर्च सरकारी निधीतून भागत होता. तेव्हा कुणाशीही बोलणी करताना तीन गोष्टी लेखी घ्या : निर्णय घेणाऱ्या मंडळात वस्तीतल्या किती जणांना स्थान असेल, आताच्या वर्गांच्या वेळा किती काळ तशाच राहतील, आणि त्या संस्थेने उद्या अंग काढून घेतले तर जागा व सामान कुणाकडे परत येईल. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस अस्वस्थ झाला, तर घाई करू नका.

आणि केंद्र बंद करण्याचे म्हणाल, तर त्यातही पाप नाही. काही केंद्रांचे काम पूर्ण होते. परंतु जेथे बारा मुले पावसात उभी राहतात, तेथे ते झालेले नाही. ज्येष्ठांचा गट "नुसता गप्पा मारत बसतो, तो बंद केला तरी चालेल," असे तुमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. त्यांना जुलै १९९५ मधील शिकागोच्या उष्णतेच्या लाटेविषयी सांगा. त्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी नंतर शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना केली, तेव्हा गरिबी आणि वृद्धांचे एकटेपण सारखेच असूनही जेथे रस्ते, दुकाने, एकत्र जमण्याच्या जागा गजबजलेल्या होत्या तेथे मृत्यू बरेच कमी झाल्याचे त्यांना आढळले. संध्याकाळी गप्पांना येणारा एक माणूस दोन दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी करायला कुणीतरी जाते. त्या गटाचे काम हेच आहे, आणि ते कोणत्याही अहवालात लिहून दाखवता येत नाही.

माझा कल विचाराल तर तो असा : केंद्र चालू ठेवा, पण लहान करा. सहा दिवसांऐवजी तीनच दिवस उघडा, आणि त्या तीन दिवशी काहीही झाले तरी ते उघडेलच अशी व्यवस्था करा. सहा दिवस उघडण्याचे आश्वासन देऊन त्यांतले दोन दिवस कुलूप दिसणे लोकांचा विश्वास जास्त झिजवते. प्रत्येक दिवसासाठी दोघांची जोडी असावी, म्हणजे एकाला ताप आला तरी दार उघडेल. आणि मुलांच्या वर्गात एकच मोठी व्यक्ती मुलांबरोबर एकटी राहू नये हा नियमही त्यामुळे आपोआप पाळला जाईल. किल्ल्या किमान चार करा, आणि कोणती किल्ली कुणाकडे आहे हे वहीत लिहून ठेवा. दिव्यांचे मुख्य बटण कुठे, पाण्याचा वॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरवायचा, प्रथमोपचाराची पेटी कोणत्या कपाटात, मागच्या दाराची कडी अडकते तेव्हा काय करायचे, असे जे जे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे, ते एका कागदावर उतरवून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे लिहायला एक दुपार लागेल. माझ्या दृष्टीने तुमच्या पुढच्या महिन्यातले ते सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

माणसे कशी मिळवायची, याविषयी स्वतःचा एक अनुभव सांगते. मी काही वर्षे एका अभ्यासिकेत शनिवारची जबाबदारी सांभाळत होते. आम्ही "स्वयंसेवक पाहिजेत" असा मोठा फलक लावला; चार महिने एकही माणूस आला नाही. मुलीला न्यायला येणारे एक गृहस्थ दर शनिवारी दाराशी पंधरा मिनिटे उभे राहत. एकदा मी त्यांना विचारले, "मुलीचे होईपर्यंत तेवढ्या खुर्च्या लावाल का?" त्यांनी लावल्या. पुढच्या शनिवारी न सांगता लावल्या. वर्षभराने ती अभ्यासिका बंद करून किल्ली परत करण्याचे काम त्यांच्याकडे होते. फलक सगळ्यांना उद्देशून असतो, म्हणून तो आपल्यासाठी आहे असे कुणालाच वाटत नाही. नाव घेऊन, डोळ्यांत पाहून, लहान आणि शेवट ठाऊक असलेले काम मागितले की बहुतेक माणसे नाही म्हणत नाहीत. "केंद्रासाठी वेळ द्या" म्हणण्यापेक्षा "पुढचे सहा मंगळवार, साडेपाच ते सात" असे सांगा. सहा मंगळवार संपल्यावर त्यांना मनापासून मोकळे करा. जे थांबायचे ते स्वतःहून थांबतील. छपराखालचे ते तीन पालक ही तुमची पहिली तीन नावे आहेत.

हिशेबाचे काम त्या निवृत्त गृहस्थांना या आठवड्यातच विचारा, आणि इतक्या दिवसांच्या दिरंगाईबद्दल क्षमाही मागा. बँकेच्या व्यवहारांना दोन सह्या असाव्यात आणि दर महिन्याचा जमाखर्च, मग तो कितीही किरकोळ असो, सूचनाफलकावर लागावा. तुमच्या सचोटीवर कुणाला संशय आहे म्हणून मी हे सांगत नाही. उद्या नव्या माणसाच्या हाती पैसे आले की त्याच्यावर संशय येऊ नये, म्हणून ही रीत तुमच्यापासूनच सुरू झालेली बरी.

चुकांविषयी मात्र मनाची तयारी ठेवावी लागेल. बाके उलटी लागतील, पुस्तके भलत्याच कप्प्यात जातील, सूचनेत शुद्धलेखनाच्या चुका होतील. मुलांची सुरक्षितता, पैसा आणि आगीचा किंवा विजेचा धोका, या तीन बाबतींत चूक दिसली तर तिथल्या तिथे थांबवा आणि कोणतीही भीड बाळगू नका. त्याखेरीज सगळ्या चुका घडू द्या. हात शिवशिवतील, तेव्हा शिवणवर्गात जाऊन बसा. त्या वर्गात आपल्याला एकदाही निवांत बसता आले नाही, असे तुम्हीच लिहिले आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती तुमच्या पत्रात सर्वत्र आहे, म्हणून विचारते. संध्याकाळी साडेपाचला जिच्या हातात किल्ली नसेल, ती बाई कोण असेल, ही भीती तुम्हाला वाटते का? एकोणीस वर्षे माणसे तुमची वाट पाहत आली आहेत. ती सवय तुटणे ही लहान गोष्ट नाही आणि तिचे दुःख करण्यात स्वार्थ मानू नका. उरलेल्या तीन जुन्या सहकाऱ्यांशी याविषयी मोकळेपणाने बोला, कारण मला खात्री आहे की त्यांच्याही मनात हेच घोळत असेल आणि तुमच्या उत्साहाकडे पाहून ते गप्प राहिले असतील. केंद्रात तुमचे स्थान राहावे, पण ते ठरलेले असावे : आठवड्यातला एक दिवस, एक वर्ग, आणि बाकीच्यांनी विचारले तर सल्ला.

त्या दोघा तरुणांना मात्र निरोप धाडू नका, स्वतः जाऊन भेटा. त्यांची यादी चुकीची नव्हती, वेगळी होती, हे सांगा. आणि ती जुनी वही बरोबर न्या. कोणते पुस्तक कुणाच्या घरी वर्षभर अडकले आहे, कोणत्या मुलाने एकच गोष्टींचे पुस्तक सात वेळा नेले, हे त्या वहीच्या समासांत तुम्ही बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे, आणि ते त्यांच्या संगणकातल्या यादीत नाही. त्यांच्याजवळ बसून ते वाचून दाखवा. मग वाचनालयाची यादी यापुढे कशी ठेवायची हे त्यांना ठरवू द्या आणि नव्या किल्ल्यांपैकी पहिली त्या मुलीला द्या. सहा आठवड्यांनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तुम्ही कुठे होतात, ते मला अवश्य कळवा.